वाऱ्याखालचा तंबू

नानांच्या मुलानं परदेशातून मासे धरायची काठी पाठवली तेव्हा पहिली धडकी मला भरली. नानांना नाही.

मी राहतो रनाळ्यात, नानांच्या घराच्या पुढच्या खोलीत. तिथंच माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पाण्याच्या मोटरी जळतात, लोक त्या बैलगाडीत, टेम्पोत, मोटरसायकलवर मुलासारख्या कवेत धरून आणतात आणि मी आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतो. मी मूळचा मालवणकडचा. सातवीत शाळा सोडली, कारण वडिलांच्या होडीला हात हवे होते. होडीत चढल्यावर कळलं की मला होडी लागते. मासेमाराचा मुलगा आणि काठ सुटला की उलटी! दोन हंगाम वडिलांनी वाट पाहिली, मग सुरतेला एका लांबच्या नातेवाइकाकडे वाइंडिंग शिकायला पाठवलं. सुरतेहून रेल्वेनं नंदुरबार. तिथलं दुकान बंद पडलं तेव्हा मी नानांच्या विहिरीवरची मोटर उतरवत होतो. नाना म्हणाले, "मन्ही पुढली खोली रिकामी शे. आठेच बस." इतकंच. ना ओळख, ना पाळख. त्या एका वाक्यावर मी आज सहा वर्षं उभा आहे.

अट एकच होती आणि ती जिजींची. जिजी म्हणजे नानांची बायको. दोघांच्या गळ्यात माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मासा-मटन खास का तू?"

मी म्हणालो, "छे छे, जिजी. मला वाससुद्धा सहन होत नाही."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. जिजींना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते गल्लीभर वाटलं. "कोकनना शे, समुद्रना काठना, पन मासाना वास बी सहन नही व्हस त्याले!" बायका मला वळून बघायच्या. माझं एवढं पुण्य झालं की जिजींनी मला एकादशी धरायला लावली. महिन्यातून दोन उपास. खोटं बोलून पोटभर जेवणारे लोक मी पाहिले आहेत. खोटं बोलून उपाशी राहणारा मीच.

वर्षातून एखाद वेळी नंदुरबारला तारेचं बंडल आणायला गेलो की स्टेशनजवळ मासे-भात खायचो. मग मूठभर बडीशेप खाऊन गावभर फिरायचो आणि शेवटच्या बसनं तोंड मिटून परत यायचो.

तर, काठी. मुलाचं म्हणणं असं की डॉक्टरांनी नानांना मोकळ्या हवेत राहायला सांगितलंय, तेव्हा दोन दिवस नदीकाठी तंबू ठोकून राहा आणि या काठीनं मासे धरा. जिजी उठून आतच निघाल्या होत्या. पण फोनवर मुलानं समजावलं. याला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. गळाचा उलटा काटा चिमटून सपाट करायचा, म्हणजे माशाला इजा नाही. मासा आला की हात ओला करून धरायचा आणि लगेच पाण्यात सोडून द्यायचा.

"धराना आनि सोडी देवाना?" जिजी म्हणाल्या. "मंग जावाना कसाले?"

"तब्बेतसाठी," नाना म्हणाले.

"तब्बेत तुमनी का मासानी?"

तरी जीव जात नाही म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. आणि नानांनी माझ्याकडे बोट केलं. "तू येजो मन्हासंगे. तुले पानीनी सवय व्हई."

मला पाण्याची सवय! मी हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मोटर बसताना येतो तसा आला.

त्या दिवसापासून माझी पंचाईत सुरू झाली. मला काठीचं काही येत नव्हतं, आमच्याकडे जाळं. पण मासा मला माहीत होता, आणि जे माहीत आहे ते लपवणं फार कठीण काम आहे. नाना बारीक नायलॉनला ती पिसांची माशी बांधत बसले आणि त्यांची गाठ दहादा सुटली. माझ्या हातानं मला न विचारता ती घेतली, पाच वेढे दिले, गाठ थुंकीनं ओली केली आणि ओढली. लहानपणी सगळेच असं करायचो. कोरडी गाठ ओढली की दोरा कापला जातो.

"थुंकी काबर लावी?" नानांनी विचारलं.

"मोटरच्या तारेलाही लावतो ना, नाना. सवय."

नाना भोळा माणूस. त्यांनी ही गोष्ट पारावर सांगितली. आठवड्याभरात एक शेतकरी जळकी मोटर घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, मन्ही मोटरले बी थुंकी लावीसनच गुंडाळजो. मांगे दुसरानी कोरडी गुंडाळी, दोन महिनामा जळनी." तो जाईना. समोर बसून राहिला. शेवटी त्याच्या समाधानासाठी मी तारेकडे तोंड करून नुसता थू-थू आवाज केला.

सराव नानांनी अंगणात सुरू केला. नंदुरबारच्या बाजारात नेण्याआधीच्या मिरच्या प्लास्टिकवर वाळत होत्या, तेवढीच मोकळी जागा. मुलानं फोनवर सांगितलं होतं की हात घड्याळासारखा ठेवा, मागे दहा, पुढे दोन, दहा ते दोन.

"दहा ते दोन?" नाना म्हणाले. "तो ते लाइटना टाइम शे."

खरंच, त्या आठवड्यात शेतीची लाइट दहा ते दोन होती. त्यामुळे नाना त्याच वेळात सराव करत, इकडे विहिरीची मोटर चालू, तिकडे काठी चालू. दोरी पिवळीजर्द, जाड. ती मागे जाऊन लिंबाला अडकायची, पुढे येऊन म्हशीच्या शिंगाला. कधी नीट पडलीच तर मिरच्यांत पडायची आणि ओढताना गळाला एक मिरची लागून यायची. भिंतीवर पोरं, दारात बायका.

"नाना, आज कितल्या मिरच्या धऱ्यात?"

"अकरा!"

"सोडी दिध्यात का मंग?"

नाना शांतपणे मिरची सोडवायचे आणि पुन्हा ढिगावर ठेवायचे. नियम म्हणजे नियम.

मी ओट्यावर बसून बघायचो. चूक काय होते ते मला दिसत होतं. ते खांद्यानं फेकत होते, मनगट थांबवतच नव्हते. पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, फेकतानाही आमच्याकडे नवशिके असंच करतात. पण तोंड उघडलं तर जिजी विचारणार, तुला कसं कळलं? म्हणून मी गप्प. ज्या माणसानं मला डोक्यावर छप्पर दिलं तो भर उन्हात मिरच्या धरतोय आणि मी गप्प बसलोय, याची मला इतकी लाज वाटायची की मी त्यांना ताक नेऊन द्यायचो. दिवसाला चार-चार ग्लास. नाना म्हणायचे, पोऱ्या जीव लावस.

न्यायच्या सामानाची यादी माझ्या अक्षरात होती, कारण जिजी सांगत आणि मी लिहीत असे. तंबू एक. सतरंजी. कळण्याच्या भाकरीचं पीठ. भरताची वांगी दोन किलो. शेंगदाण्याची चटणी. पिसांच्या माश्यांची डबी. त्या डबीत जिजींनी आधीच दोन वाळक्या मिरच्या आणि लिंबाचा पाला घालून ठेवला होता, गव्हात घालतात तसा, पिसांना कीड लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी नानांनी माशी हाताळून डोळा चोळला आणि सराव लवकर संपला.

नदी मात्र आम्ही दोघांनीही पाहिलेली नव्हती. मोलगीच्या पलीकडे, सातपुड्यात, एवढंच माहीत. म्हणून आठवडे बाजाराच्या दिवशी चौकशीला गेलो. अक्कलकुव्याहून पुढे घाट, जीपमध्ये माणसं, कोंबड्या आणि आम्ही. बाजारात नानांना एक म्हातारा शेतकरी भेटला, त्याचं शेत नदीला लागूनच होतं. घरी तो पावरी बोलत असेल, आमच्याशी शाळेतली मराठी बोलला.

"पाणी गुडघ्याइतकं आहे," तो म्हणाला. "मासे आहेत, बोटाएवढे. कशानं धरणार?"

नानांनी काठीचं आणि सोडून देण्याचं सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते आधी होते तिथंच राहतील ना?"

"हो."

"मग चालेल. माझ्या शेतात तंबू लावा."

तो कागदावर रस्ता काढून देत होता तेवढ्यात वारा फिरला आणि मला घरचा वास आला.

दोन पालांपलीकडे सुकटीचा ढीग होता, आणि बोंबील. नंदुरबारचे एक चाचा दर बाजारी दुकान लावायचे. समुद्र कुठं, मोलगी कुठं! माझे पाय आपोआप तिकडे गेले. मी एक बोंबील उचलला, कानाजवळ नेला आणि मोडला. कट् आवाज आला नाही, नुसता वाकला.

"चाचा, हा ओलसर आहे. नीट वाळायच्या आधीच पोत्यात भरलाय."

चाचांनी चष्मा वर केला. "अरे भाई, इतने साल से बेच रहा हूँ, बोंबील को कान से देखनेवाला पहली बार देखा. किधर का है?"

मी सांगितलं. ते खूश झाले, खालच्या पोत्यात हात घालून त्यांनी एक पांढरा, कडक काढला. तो मोडल्यावर असा वाजला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुकडा तोंडात गेला.

"काय खाई ऱ्हायना?"

मागे नाना. हातात नदीच्या रस्त्याचा कागद. मला तुकडा गिळता येईना, थुंकता येईना. चाचा कौतुकानं म्हणाले, "आपका लडका पक्का जानकार है!"

"बोंबील, नाना," मी म्हणालो.

नानांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ते जीपकडे वळले. जीपमध्ये मी मनातल्या मनात दुकान आवरायला घेतलं. तारेची बंडलं आधी, मग वाइंडिंगचं मशीन, ते एकट्याला उचलत नाही. अर्धा घाट उतरल्यावर नाना एकदम म्हणाले, "पंधरा दिन मी आंगनमा मिरच्या धरी ऱ्हायनू. आनि तू समुद्रना मानूस, ओटावर बशीसन मुकामुका देखी ऱ्हायना व्हता?"

माझा बांध फुटला. खोटं का बोललो ते सांगितलं, मनगटाचं सांगितलं, थुंकीचं सांगितलं, आणि होडी लागते तेही सांगितलं.

"होडीमा उलटी?" नाना म्हणाले. "मासेमारना पोऱ्या?" आणि ते इतके हसले की ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मग डोळे पुसून म्हणाले, "मन्हं काही नही. पन जिजीले तू सांग. मी नही सांगस."

जिजी भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"इतला साल खोटं बोलना तू."

"हो, जिजी."

"आनि एकादशी? ती बी खोटी व्हती का?"

"नाही. एकादशी खरी. उपाशीच राहायचो."

त्यांनी भाकरी उलटली. "गल्लीमा मी काय सांगू आते?"

 दोन दिवस ताट वेळेवर यायचं, फक्त थोडं जोरात ठेवलं जायचं. मी दुकानातला सामान बांधायचा सुतळीचा गुंडा हाताशी काढून ठेवला.

तिसऱ्या दिवशी निघायचं. पहाटे यादीवर शेवटची नजर टाकायला गेलो तर माझ्या अक्षरात फरक झालेला. 'तंबू एक'चा एक खोडून दोन केला होता, नानांच्या अक्षरात. पुढे लिहिलं होतं: दुसरा वाऱ्याखाली, वास इकडं येऊ नये. आणि सगळ्यात तळाशी, मोठ्या, तिरक्या, मी पूर्वी कधीच न पाहिलेल्या अक्षरात: जुना तवा, बोंबलापुरता. घरात आणू नये.

मी सुतळी परत फळीवर ठेवली. 

जीप दारात आली तशी गल्ली जमली. समोरच्या मावशी ओट्यावरून ओरडल्या, "जिजी, कोकनना पोऱ्याले धाडी ऱ्हायनात नदीवर! दखज्यात हां, मासा खाई टाकी तो!"

जिजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल, जड, माझ्या सीटखाली सरकवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो? त्याले ते वास बी सहन नही व्हस."