तंबोऱ्यासारखी धरलेली गिटार

नातवाने काल नवी गिटार आणली. मी तारांवरून बोट फिरवलं, बोटाला लोखंडाचा वास लागला आणि मी एकदम ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या त्या हॉटेलात पोचलो.

तेव्हा रियासत गेली नि मध्यभारत बनला होता. दरबारचा बँड मोडला. त्यात मी झांजा वाजवायचो, म्हणजे सगळे थांबले की माझी झांज वाजायची. अशात मुंबईचे दोन गिटारवाले येऊन त्या हॉटेलात उतरले. रेडिओवर ऐकून मी त्यांना देवच मानायचो. त्यांना एक साथीदार हवा होता. आमच्या खासगी बाजार मोहल्लाभर मी सांगून टाकलं, "आपण तर चाललो मुंबईला!"

हॉटेलात गेलो तर त्या दोघांतल्या थोरल्याने गिटार माझ्या हातात दिली. "बजाओ, भाई."

मी चपला काढल्या, गिटारीला नमस्कार केला, मांडी घातली आणि ती उभी करून खांद्याला टेकवली. ग्वाल्हेरच्या माणसाने तंबोऱ्याशिवाय बघितलंय काय? डोळे मिटून एकेक तार छेडत बसलो.

धाकटा हसून हसून पलंगावर आडवा झाला. थोरला म्हणाला, "रुको मत," आणि दुसरी गिटार घेऊन माझ्या सुरावर वाजवत राहिला. लाकूड माझ्या कानशिलाशी गुणगुणत होतं.

मुंबईला त्यांच्याबरोबर आमच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला गेला. मी घरी आलो तर बायको म्हणाली, "इतक्यात जाऊन आलात पण?"

तेव्हा तोंड लपवत फिरलो. आता वाटतं, पाच मिनिटं का होईना, साथीदार तर झालोच की!

"आजोबा, गिटार आडवी धरतात," मी पुन्हा उभी करून खांद्याला टेकवलेली गिटार बघून नातू म्हणाला.

"तू धर आडवी. मी सूर देतो."