आंब्याचं कलम

शेषरावला रस्त्यात कुणी भेटलं की रामराम नंतर, झाडाचा प्रश्न आधी. आमच्या पेरूला फळ का धरत नाही? लिंबाची फुलं का गळतात? कडुनिंबाचा पाला टाकीत पडतो, तेवढी फांदी उतरवून देता का? जणू हा माणूस नव्हेच, झाडांचा सरकारी दवाखाना. भिलाईतल्या कोहक्यात आम्ही दोघं भिंतीला भिंत लावून राहतो. मी पंजाबराव, दुर्ग स्टेशनात पॉइंट्समन होतो. आता घरी बसून लोकांच्या चुका काढतो. शेषराव टाउनशिपमधली झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे होता. मूळचा तुमसरकडचा शेतकऱ्याचा पोर. स्टील प्लांटात लागायचं म्हणून भिलाईला आला, तात्पुरता म्हणून झाडावर चढला आणि म्हातारा होऊनच खाली उतरला.

त्याची उत्तरं निम्मी चुकायची, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. माझं सीताफळ त्यानं भर वैशाखात छाटलं आणि ते उभ्या उभ्या वाळलं. वर माझ्यावरच उलटला, ‘पानी कमी घातलं तुनं.’ पण लोक विचारायचे, कारण विचारायला दुसरं होतं कोण?

त्याचं मुख्य काम म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणं. तारा ओढणारे वेगळे, तारांखाली झाडं लावणारे वेगळे, दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. शेषराव दरवर्षी शेंडा उडवायचा, झाड त्याच जागी दुप्पट फुटवे काढायचं, आणि ते कच्चे फुटवे पुढच्या वादळात मोडून कुणाच्या तरी स्कूटरवर पडायचे. मग लोक म्हणायचे, छाटलं नाही नीट. सेक्टरांमधल्या गुलमोहरांच्या बुडाशी फरशी बसवली तेव्हा त्यानं मुकादमाला सांगून पाहिलं, थोडी माती मोकळी ठेवा. मुकादम म्हणाला, तू वरचं बघ. चार-पाच वर्षांत ते गुलमोहर मुळासकट आडवे झाले आणि तेही शेषरावच्याच टोळीनं कापून नेले. ‘मी झाडाइची देखभाल नाई करून राहिलो गा,’ तो एकदा मला म्हणाला, ‘मी फक्त त्याइले हळू हळू मारून राहिलो.’ मी त्याला वेड्यात काढलं. आता वाटतं, तो तेव्हा खरंच खचला होता.

एकच झाड त्यानं कधी छाटलं नाही. ते त्याच्या अंगणातला आंबा. त्याच्या बायकोनं, भागाबाईनं, माहेरच्या आंब्याची कोय आणून लावलेला. गावरान आंबा, मुठीत मावणारा, चोखून खायचा. सालीला जरा सोपेचा, म्हणजे बडीशेपेचा वास. माहेरचं मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं. पुढे भागाबाईही गेली. मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, शेषराव, एक कलम मला दे. तो म्हणायचा, ‘देतो ना बावा, पुढच्या पावसाळ्यात.’ झाडाच्या बाबतीत जरा कंजूसच होता तो.

गेल्या वर्षी त्या आंब्याच्या खोडातून भुसा गळायला लागला. खोडकिडा. शेषरावनं भोकांत तार घातली, पेट्रोलचे बोळे कोंबले, वरून माती लिंपली. एक बाजू तरीही वाळली. तेव्हा त्याला पुढच्या पावसाळ्याची घाई झाली. कोय लावली तर आंबा उगवतो, पण मायसारखा निघेलच याची खात्री नाही. तोच आंबा हवा तर त्याच्याच कोवळ्या काड्या दुसऱ्या रोपांवर बांधायला हव्यात. म्हणून त्यानं साध्या कोयांची रोपं काळ्या पिशव्यांत वाढवली आणि भिंतीशी ओळीनं लावून ठेवली. ‘भागाचा आंबा गेला नाई पाहिजे,’ एवढंच त्याचं चाललं होतं. त्या माणसाला तेव्हा दुसरं काही नकोच होतं.

आणि ऐन मृगात तो पडला. जन्मभर झाडावर चढला तेव्हा नाही, न्हाणीत पाय घसरून. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग पोरगी रोशनी त्याला गोंदियाला स्वतःकडे घेऊन गेली. इथे घरी मुलगा मोहित आणि सून नीतू. मोहित एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. पोरगा गुणी, बापाच्या शब्दाबाहेर नाही. फक्त बापाचे शब्द त्याला पुरते कळत नाहीत. इथल्या बहुतेक पोरांसारखा तो हिंदीतच वाढला. मराठी ऐकतो, निम्मी समजतो, निम्मी धकवून नेतो.

शेषरावनं गोंदियाहून फोन केला. ‘आंब्याचं कलम करून घे बेटा. पानी लागलं का लगेच. जानकार मानूस बोलाव. मायासाठी थांबू नोको, झाड थांबनार नाई.’

मोहित म्हणाला, ‘हाँ बाबा, करवा देता हूँ।’

दोन दिवसांनी त्यानं खात्री करायला पुन्हा विचारलं, ‘बाबा, पूरा करना है ना?’

‘हो, पुरं कर. एकदोन नोको.’

हे दोन्ही फोन मला नंतर रोशनीकडून कळले. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होतो. परत आलो, रिक्षातून उतरलो आणि मला माझंच घर ओळखू येईना, इतकं वर आभाळ उघडं होतं. शेषरावच्या अंगणात आंब्याच्या जागी गुडघाभर बुंधा. बाजूला काळ्या पिशव्यांतली रोपं, नीतूनं रोज पाणी घालून टवटवीत ठेवलेली.

‘हे काय केलंस बे?’ मी मोहितवर ओरडलोच.

तो गोंधळला. ‘अंकल, बाबा ने ही तो बोला था कलम करने को। हमको भी बुरा लगा। नीतू तो रो दी।’

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आपण कलम करतो म्हणजे काडी बांधून झाड पुढे नेतो. मोहितच्या हिंदीत कलम करणं म्हणजे उडवणं. सर कलम करतात, म्हणजे मुंडकं उडवतात, तसं. झाड अर्धं वाळलेलं, तारेकडे झुकलेलं. त्याला वाटलं, बापानं मन घट्ट करून निर्णय घेतला. मशीनवाली टोळी बोलावली, सगळं करून घेतलं आणि लाकूड टोळीनं नेलं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण राग धरायला जागाच सापडेना.

आठवड्यानं शेषराव आला. वॉकर धरून फाटकातून आत शिरला आणि तिथेच थांबला. मोहित पुढे होऊन म्हणाला, ‘करवा दिया बाबा। जैसा आपने बोला था।’ पोराच्या तोंडावर परीक्षा पास झाल्यासारखा भाव होता.  कोपऱ्यात काही डहाळ्या पडल्या होत्या. शेषरावनं मला त्या उचलून द्यायला लावल्या आणि एकेक काडी नखानं खरडून पाहिली. हिरवी असती तर अजून बांधता आली असती. सगळ्या आतून तपकिरी झाल्या होत्या. त्यानं शेवटची काडीसुद्धा खरडली, ती हातातच मोडली. मग तो म्हणाला, ‘बरं केलंस बेटा.’

मोहित आत गेल्यावर मी भडकलो. ‘सांग ना त्याले! कलम कशाले म्हनतात ते सांग!’

‘काय सांगू, पंजाबभाऊ? तुले मराठी येत नाई म्हनून तुया मायचं झाड गेलं, असं सांगू?’ तो बुंध्याकडे पाहत होता. ‘शाळेतला मास्तर म्हने, घरी हिंदी बोला, नाई तं पोरगा मागं राहीन. भागा त्याच्यासंग मराठीच बोले. मीच तिले चूप करत होतो.’

 

पावसात बुंध्याला दोन फुटवे आले. शेषराव वॉकर घेऊन रोज सकाळी तिथे जायचा. रोज जाऊन पाहू नकोस म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. खोड आतून किड्यानं पोकळ केलेलं होतं. श्रावण सरायच्या आत फुटवे करपले. ती भिंतीशी वाढवलेली रोपं त्यानं मागेल त्याला देऊन टाकली. मी एक घेतलं, पण त्यावर बांधायला आता त्या आंब्याची काडी जगात कुठे नाही.

तेव्हापासून तो घरात हिंदीच बोलतो. मोडकी, अडखळत, पण मोहितला पुरती कळेल अशी. मोहितला बरं वाटतं, बाबा आता खुलून बोलतात म्हणतो. परवा भिंतीवरून मला हाक आली, ‘पंजाब भैया, चाय पिओगे?’

मी म्हटलं, ‘मायासंग तरी मराठीत बोल ना बे.’

 ‘किसके लिए?’ तो म्हणाला, आणि नीतूला चहा ठेवायला सांगायला आत गेला.