भरतीसाठी थांबलेलं लग्न

आमच्या मुरब्याच्या आणि सातपाटीच्या मध्ये एक खाडी आहे. फार रुंद नाही. पलीकडे कुणाचं भांडण लागलं तर अलीकडे आवाज येतो, फक्त शब्द कळत नाहीत. आता तिथे इंजिनाची बोट आहे, पण साठच्या दशकात खाडी ओलांडायची म्हणजे तर. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी, आणि ती चालवायचा तो तरीवाला. माझ्या आजोबांच्या लहानपणी म्हणे एका खोडात कोरलेली होडी होती, तिच्यात शिंकायचीही चोरी. माझ्या वेळेपर्यंत फळ्यांची ऐसपैस तर आली होती. वल्ह्यांवर चालायची, वारा मनासारखा असला तर शीड लागायचं. मासळीच्या टोपल्या पुढे, माणसं मध्ये, आणि शेळी असली तर जिची असेल तिच्या मांडीवर. पालघरचा बाजार, दवाखाना, आगगाडी, सगळ्याची वाट तिच्यातूनच जायची. तरीवाल्याला गावातून वर्षाचं भात आणि सुकी मासळी मिळे, आणि त्या बदल्यात तो सगळ्यांना सारखाच ओरडे.

पण तर चालायची ती भरतीला. ओहोटीत खाडीच्या मधोमध पाण्याची एक पट्टी उरायची आणि दोन्ही काठांना मांडीएवढा चिखल. तो तुडवून जाणारे गडी होते, नाही असं नाही, पण बायका आणि म्हातारी माणसं गुमान भरतीची वाट बघत. म्हणून आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही एवढं गणित यायचं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. लग्न ठरवताना भटजी पंचांगात ग्रह बघायचे आणि आमचे म्हातारे पाणी बघायचे. ग्रह एकवेळ शांत करता येतात, पाण्याला कोण समजावणार?

माझी आई सातपाटीची. मी दहाएक वर्षांची असताना एका सकाळी पलीकडच्या काठावरून पांढरं फडकं हलवलेलं दिसलं. ती मयताची खूण होती. तरीवाल्याने चिखल तुडवत पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन हाका मारून विचारलं आणि आमच्या दारात येऊन सांगितलं की आईची आई गेली. पाणी तेव्हा नुकतंच उतरलं होतं. बोईसरवरून वळसा घालून जायचं तर त्यापेक्षा पुढची भरती आधी आली असती. आई पोटुशी होती, सातवा महिना. ती चिखलात उतरायला निघाली आणि बाबांनी तिचा दंड धरला. तिने हिसका दिला, शिव्या दिल्या, पण बाबांनी सोडलं नाही. मग ती काठावरच बसून राहिली. मी शेजारी होते. दुपारी पलीकडून धूर वर आला. आपल्या आईची चिता आईने खाडीच्या अलीकडून पाहिली. संध्याकाळी भरती आली, तर लागली, तरीवाल्याने हाक मारली. आई उठली आणि घरी आली.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की एक भरती थांबले असते तर काय बिघडलं असतं? मामाचं म्हणणं, उन्हाचे दिवस, गावातल्या म्हाताऱ्यांनी घाई केली, आणि बहिणीला यायचंच असतं तर चिखल काय वाघ होता? "आयपरीस तिला लुगडं मोटं झालं," असं तो बोलल्याचं तरीतून अलीकडे आलं. आई काय बोलली ते त्याच तरीतून पलीकडे गेलं. ते मी लिहीत नाही. तरीतून माणसांपेक्षा बोलणीच जास्त जायची आणि त्यांना भरती-ओहोटी नव्हती.

त्यानंतर आईने सातपाटीत पाऊल टाकलं नाही. मासळी घेऊन पालघरला जायचं तर सातपाटीतून जावं लागतं, म्हणून तिने पालघरच सोडलं आणि टोपली डोक्यावर घेऊन पायी बोईसर धरलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, बोईसरला कुठून कुठून कामगार आले होते, ते हिंदी बोलायचे. तेव्हा भावाशी अबोला धरून आईने काय मिळवलं, तर हिंदी. "ले लो भैया, ताजा हाय," असं ती घरीही म्हणायची आणि आम्ही हसायचो. पण सणाच्या दिवशी ती मागच्या दारी उभी राहून खाडीकडे बघायची तेव्हा कुणी हसत नसे.

माझं लग्न तारापूरच्या घरात ठरलं. तिथी नवमी धरली, म्हणजे सातपाटीचे पाहुणे सकाळच्या भरतीला येतील आणि रात्रीच्या पाण्याने परततील. मुहूर्त दुपारचा, ओहोटीतला. नवरीला बोहल्यावर उचलून न्यायचा मान मामाचा. आईने तरीवाल्याच्या हाती भावाला अक्षत पाठवली, स्वतः गेली नाही. त्याने ती घेतली. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. बाबांनी सावधपणे आमच्याच गावात राहणाऱ्या आईच्या एका चुलतभावाला मामा म्हणून तयार ठेवलं. तो नवी टोपी घालून सकाळपासून मांडवात मिरवत होता.

सकाळी तर खेपा करत राहिली. पाहुणे आले, मामा आला नाही. आई दर खेपेला काही ना काही निमित्त काढून दाराशी जाई. शेवटची खेप संपली तसा तरीवाला आत आला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तुजा भाऊ पल्याड काठावर बसलाय. नवा सदरा घालून. दोनदा हाक मारली, चढला नाय. मान खाली घालून बसलाय." पाणी उतरलं.

मुहूर्ताची वेळ झाली. वाजंत्रीवाले सावरून बसले, टोपीवाला मामा मला उचलायला वाकला, आणि आई मध्ये येऊन उभी राहिली.

"थांबा. भरती यू दे."

मांडवात आधी कुणाला कळेचना. बाबा तिच्या कानाशी लागले, "अगे, येडी झालीस? व्याही काय म्हंतील?"

"काय म्हनायचं त्ये म्हनू देत. माजा भाऊ पल्याड बसलाय. एक भरती थांबायचं, तेवडंच ना?"

व्याह्यांचं तोंड वाकडं झालं. भटजी अडचणीत पडले, पण ते भल्या मनाचे होते. त्यांनी पंचांग चाळल्यासारखं केलं आणि संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे, तो कुणालाही चालतो, असं जाहीर केलं. व्याह्यांना जेवायला बसवल्यावर त्यांचं तोंड पुष्कळ सरळ झालं. उपाशी राहिले ते मी, आई आणि बाबा. मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या, हळदीने अंग खाजतंय, पोटात कावळे. मी सतरा वर्षांची होते आणि दुपारभर मनातल्या मनात मामाला शिव्या देत होते. एका माणसाला होडीत चढता येत नाही, म्हणून मी उपाशी मरू? आई ओट्यावर बसून होती. खाडी तिथून दिसत नव्हती, पण तोंड तिकडेच. आलाच नाही तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, आणि हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

उन्हं कलली, पाणी चढलं आणि तर पलीकडे गेली. ती परत आली तेव्हा आत मामा एकटाच होता. मांडवात आला तो थेट आईसमोर. मी त्याला कितीतरी वर्षांनी पाहत होते. केस पिकले होते.

"सकालीच यायचा हुतो, बाय," तो म्हणाला. "पाय उचलंना. मंग पानी गेलं. म्हटलं, दुपारी वाजंत्री वाजंल, की उठून घरी जायाचं. कान दिऊन बसलो. वाजली नाय. येल टलून गेली तरी नाय. तवा कललं, तू थांबलीस." त्याने नव्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "तवा तुज्यासाटी आमी नाय थांबलो."

आईच्या तोंडाचा पट्टा एरवी कधी बंद नसे. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "पोर उपाशी हाय. उचल तिला."

त्याने मला उचललं. मी काही हलकी नव्हते. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती आणि तो रडत होता, म्हणून दुपारच्या सगळ्या शिव्या गिळून मीही रडले. अक्षता पडल्या. टोपीवाल्या मामाला बाबांनी पहिल्या पंगतीला बसवून शांत केलं.

पाठवणीची वेळ आली तेव्हा अंधार पडला होता. बैलगाडी दारात उभी होती. आईने ओटी भरली, मला गाडीत बसवलं, गालावरून हात फिरवला आणि तिची नजर मागे वळली. मामा कंदील घेऊन खाडीच्या वाटेवर थांबला होता. पाणी उतरायला लागलं होतं.

"आयला जालली ती जागा दावतो म्हनतोय," ती मला म्हणाली. "जाऊ का?"

मी गळ्यात पडून रडायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. "जा," मी म्हणाले, "तर सुटंल."

बायका तोंडात बोट घालून बघत होत्या. पोर सासरी जाताना आई दारात उभी राहते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलत नाही, अशी रीत. आमची गाडी जागची हललीही नव्हती. मी नवरीच्या लुगड्यात तिच्यात बसले होते आणि कंदिलाच्या उजेडात माझी आई माहेरी चालली होती.