दोरीच्या आतला फोटो

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. आरोपी पळाला, साक्षीदार फुटले, वरिष्ठांनी झापलं, असलं सगळं पोलिसाच्या नोकरीत पचवलं. हे काही पचलं नाही.

निवृत्ती जवळ आली होती. अहमदपूरकडच्या एका माळावर ऑफरोड गाड्यांची स्पर्धा होती. नांदेड, उदगीरहून हौशी मंडळी मोठ्या चाकांच्या जीपा घेऊन आलेली. अर्धापूरचे केळीवाले बागायतदार तर मागं नव्हतेच. दगड, चढ, खड्डे आणि शेवटी मुद्दाम पाणी सोडून केलेलं चिखलाचं वळण. दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली. दोरीच्या आत जायची मुभा फक्त फोटोग्राफरला. तो वळणावर चिखलात बसून, चाकाच्या उंचीवरून फोटो काढायचा. तसा काढला की गाडी उडाल्यासारखी दिसते म्हणे.

त्याच वळणावर उदगीरच्या एका तरुणाची जीप उलटली आणि बघायला आलेल्या एका निवृत्त गुरुजींचा पाय मोडला. गुरुजींच्या हाताखालून अर्धा तालुका गेलेला. त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात मी आधी त्यांच्या पाया पडलो, मग जबाब घ्यायला बसलो. विचारलं, "गुरुजी, तुम्ही तर दोरीच्या मागंच उभे होतात ना?" त्यांनी मान हलवली. मी तसं लिहिलं. साक्षीदारही एका सुरात बोलले, जीप दोरी तोडून बाहेर आली. दोरी तुटलेली होतीच. ती जीपनं तोडली की नंतर धावलेल्या गर्दीनं, हे बघायची तसदी मी घेतली नाही. तरुणावर बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल केला.

तो हात गळ्यात अडकवून ठाण्यात आला. "साहेब, गुरुजी आत होते हो. त्यांना वाचवायला मी जीप फिरवली, तवा ती त्यांच्याच बाजूला पालथी झाली. माझी एसटीत ड्रायव्हर म्हणून निवड झाली हाय. पोलीस पडताळणी तेवढी राहिली. ही केस लागली तर कोण घेईल मला?"

"म्हणजे गुरुजी खोटं बोलतात? थोबाड फोडीन!" मी ओरडलो. तो आल्या पावली परत गेला.

मग नांदेडच्या एका जीपवाल्याचा फोन आला. "साहेब, फोटोग्राफरनं त्या वळणावरच्या समद्या गाड्यांचे फोटो मोबाईलवर टाकले. उदगीरच्या पोराचा तेवढा न्हाई. असं कसं?"

मी फोटोग्राफरला बोलावलं. गावातच त्याचा लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ. तोही गुरुजींचाच विद्यार्थी.

"त्या गाडीचा फोटो कुठं गेला?"

"कार्ड खराब झालं साहेब."

"त्याच्या आधीच्या गाडीचा बरा निघाला त्याच कार्डावर?"

मी हवालदाराला चहा सांगितला आणि गप्प बसलो. चौकशीत दरडावण्यापेक्षा गप्प बसणं माणसाला जास्त जड जातं. चहा गार झाला तसा त्यानं खिशातून कार्ड काढलं आणि रडायलाच लागला. "पुसायला बोटच धजलं न्हाई. गुरुजींनी नवा कॅमेरा घेतला होता. मीच शिकवत होतो त्यांना. आत येऊ नका म्हणलं होतं, साहेब. लई वेळा म्हणलं."

फोटोत सगळं होतं. दोरी मागं, शाबूत. दोरीच्या आत गुरुजी, एक गुडघा चिखलात, डोळ्याला कॅमेरा. आणि त्यांच्यापासून दूर वळलेली जीप. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले, तोंड ओरडायला उघडलेलं.

तो फोटो घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिला. "चांगला आलाय," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढला. "साहेब, शुद्धीवर आलो तेव्हापासून जो येई तो हेच विचारी, गुरुजी तुम्ही तर मागंच होतात ना? नाही म्हणायची लाज वाटली हो. आयुष्यभर पोरांना रांग मोडली म्हणून छड्या मारल्या."

मला तिथं बसवेना. त्या विचारणाऱ्यांत मी होतो, आणि माझ्या अंगावर वर्दी होती. उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं आणि तोच जबाब म्हणून त्यावर सही घेतली होती. पाया पडायला हरकत नाही. पण पाया पडलेल्या माणसानं जबाब घेऊ नये, दुसऱ्याला घेऊ द्यावा. एवढी साधी गोष्ट मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो.

गुरुजींनी नवा जबाब दिला. गुन्हा चुकीच्या समजुतीनं दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला, तो मंजूर झाला, आणि तरुणाचा एसटीचा रस्ता मोकळा झाला. मग गुरुजींनी त्याला घरी बोलवायला लावलं. माफी मागायची होती त्यांना.

मी सोबत गेलो. पोरगा दारात चप्पल काढून आत आला आणि गुरुजी काही बोलायच्या आत, आपल्याकडच्या रीतीप्रमाणं, सरळ त्यांच्या पाया पडायला वाकला. गुरुजींनी घाईनं पाय मागं ओढायला पाहिलं. पाय प्लास्टरमध्ये होता, हलला नाही. "नको रे बाबा, नको," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो.