उंबऱ्याबाहेरची तपासणी

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. माझी धाकटी बहीण वर्षानुवर्षं माझ्यासोबत राहिली, तिलासुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – माझ्याबद्दल तुमचं अजून काहीच वाईट मत नाही. हे ऐकल्यावर होईल. होऊ द्या.

निजामीतली गोष्ट. रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. मी परभणीच्या दवाखान्यात नर्स होते. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली मुलगी मी. वडिलांनी भाऊबंदांचा रोष पत्करून हैदराबादला शिकायला पाठवलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आसपासच्या खेड्यांतल्या सुइणींना दवाखान्यात ठेवून शिकवलं होतं, प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी दिली होती – कात्री, दोरा, साबण, स्वच्छ फडकी. त्या घरोघरी बाळंतपणं करायच्या. आणि त्या ते नीट करतात की नाही, हे बघायला मी टांग्यानं, बैलगाडीनं गावोगाव फिरायची. नखं कापलेली आहेत का, कात्री उकळली का, खोलीला वारा आहे का. पण खरी तपासणी एकच – आत जायचं आणि बाळंतिणीच्या अंगाला हात लावून बघायचं. बाहेर बसून विचारपूस करायची नाही. डॉक्टरीणबाई हे मला पुन्हा पुन्हा बजावायच्या. सुइणींनाही एक गोष्ट पढवलेली होती – ताप दिसला की स्वतःचं डोकं चालवायचं नाही, बाईंना सांगायचं. बाई म्हणजे मी. हे पढवणारीही मीच.

दवाखान्यात मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे की मला कुठल्याच घरचं दार बंद नाही. खरं होतं का ते? पुष्कळदा होतं.

पोखर्णीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव नाही सांगत. तिथं सोजरबाई सुईण होती – धनगराची, पस्तिशीची, बोलायला कमी. पुन्हा पुन्हा हात धुवायची तिची सवय बघून बाकीच्या सुइणी हसायच्या. त्या गावच्या एका बड्या घरची सून, चंद्रकला, तिच्याच हातून बाळंत झाली. पहिलटकरीण. मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी मी तपासणीला गेले.

ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. माझ्यासाठी चहा आला. सोजरबाई खोलीतून बाहेर आली ती पदराला हात पुसतच.

“बाई, अंग लय तापायलंय तिचं. सकाळधरनं हुडहुडी भरायलीय. मला काई कळंना. तुमी आत येऊन बगा.”

मी उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. आणि सासूबाई म्हणाल्या – आवाज न चढवता, अगदी मायेनं म्हणाल्या – “बाई, राग मानू नका. पाचवी पुजलेली न्हाई आजून. तुमी आत नका जाऊ.”

एवढंच. पुढचं त्यांनी माझ्या कपाळाकडे बघून सोडून दिलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. आजही माहीत आहे. बाजूला व्हा म्हणायचं, आणि आत पाऊल टाकायचं. फार तर काय झालं असतं? त्यांनी आरडाओरडा केला असता. पण माझे पाय तिथंच राहिले. सोजरबाईसमोर, दारातल्या गड्यासमोर, माझ्या कपाळाची आठवण कुणीतरी करून दिली होती – आणि माझे कान तापले होते. मला फक्त तिथून निघायचं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक. “बाई आल्या का?”

मी उंबऱ्यावरून मागे फिरले.

सासूबाई म्हणाल्या, दूध उतरायच्या वक्ताला ताप येतोच. आणि मी – शिकलेली, तपासणीला आलेली मी – म्हणाले, “हो, येतो. जाईल उद्यापर्यंत.” अंगाला हात न लावता म्हणाले. सोजरबाईचा चेहरा सैल झाला. तिला वाटलं, बाई म्हणतात म्हणजे झालं.

परभणीला येऊन मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आत जाऊन बघितलं, सगळं ठीक आहे. मला उंबऱ्यावर अडवलं हे सांगायची लाज वाटली. हा पहिला खोटेपणा. तो तेवढाच राहिला असता, तर कदाचित आज मी तुम्हाला हे सांगत बसले नसते.

दोन दिवसांनी चंद्रकलेला गाडीत घालून दवाखान्यात आणलं. तिचं पोट फुगलं होतं, डोळे कुठेच ठरत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी जे होतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मुलगी जगली.

सासरा व्हरांड्यात उभा राहून ओरडत होता – धनगरणीच्या घाण हातांनी माझी सून मारली. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या बोलल्या नाहीत. पण त्यांचं त्यांच्यापाशी; मी माझं सांगते आहे.

डॉक्टरीणबाईंनी सोजरबाईला बोलावलं. मलाही. त्या हैदराबादच्या, मराठी समजायची, पण रागात असल्या की आपल्याच बोलीत बोलायच्या. ताप कधी आला, कुणाला सांगितलंस, असं त्यांनी विचारलं.

“म्या बाईला सांगितलं व्हतं,” सोजरबाई म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. विचारलं त्याचं उत्तर दिलं, बस्स.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “इसने बताया था तुमको?”

खिडकीतून ऊन येत होतं. टेबलावर सोजरबाईची पत्र्याची पेटी ठेवलेली होती. माझ्या मनात चंद्रकला नव्हती, हे खरं सांगते. माझी नोकरी होती. आणि त्याहून जास्त – उंबऱ्यावर थांबलेली मी या बाईंना कळेन, ही धास्ती होती.

“नाही,” मी म्हणाले. “मी आत जाऊन बघितलं तेव्हा ताप नव्हता. हिनं मला काही सांगितलं नाही.”

सोजरबाईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती – काय बोलायचं तेही ठरवलं होतं. ती ओरडली नाही. ती गोंधळली. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई म्हनायल्यात तर… माज्याच ध्यानातनं गेलं आसंल.”

तिला माझ्यापेक्षा स्वतःवर संशय घेणं सोपं वाटलं. ते मी तिच्या चेहऱ्यावर घडताना बघितलं, आणि घडू दिलं.

तिची पेटी काढून घेतली. गावात तिला कुणी बाळंतपणाला बोलावेना, पाण्यावर बायका तिच्यापासून सरकून उभ्या राहू लागल्या. नवरा मेंढरं घेऊन जिंतूरकडे निघाला, तीही गेली. मला पुढे आणखी गावं मिळाली. तपासणीत बाई फार कडक, असं माझं नाव झालं. आणि खरंच, त्यानंतर मी कुठल्याही उंबऱ्यावर थांबले नाही – पण ते सोजरबाईच्या काय कामाचं?

बऱ्याच वर्षांनी, निजाम गेल्यावर, मी जिंतूरजवळ चारठाण्याला एका दवाखान्यात होते. एक म्हातारी होत आलेली बाई गरोदर सुनेला घेऊन आली. मी तिला ओळखण्याआधी तिनं मला ओळखलं. तोंड भरून हसली. सुनेला म्हणाली, “ह्याच बाईंनी मला शिकविलं व्हतं. माज्या हातनं चूक झाली, एक बाळंतीन गेली. बाईंची न्हाई, माजी.” आणि मग माझ्याकडे वळून, “आमच्या सुनेला तुमीच बगा बाई. दुसऱ्याचा भरवसा न्हाई.”

खोलीत आम्ही तिघीच होतो. दार लोटलेलं होतं. मला कुणाची भीती नव्हती, नोकरी जायची नव्हती.

मी सुनेचं पोट तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

जाताना सोजरबाई वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.