दुसरा इशारा

रेखाताई गेल्याचा हॉस्पिसमधून, म्हणजे अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषा केंद्रातून, फोन आला, तेव्हा मी स्टॅनमोरच्या घरी त्यांच्यासाठीच मऊ भात शिजवत होते. गॅस बंद केला.

रेखाताई माझ्या नणंद. जन्म इकडचाच, विलायतेतल्या वॉटफर्डचा, मराठी घरात ऐकून शिकलेलं, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. तरुणपणीच त्या कॅरिबियनमधल्या एका लहान बेटावर ज्वालामुखीवर लक्ष ठेवायच्या कामाला लागल्या. जोसेफ नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे त्या भाड्याने राहायच्या. आपण घरातल्या आजारी माणसाची चौकशी करतो, तशी तो रोज संध्याकाळी डोंगराची चौकशी करायचा. एकदा हादरे वाढले म्हणून रेखाताईंच्या टीमने दरीतलं गाव रिकामं करायला सांगितलं. माणसं कित्येक आठवडे शाळेच्या हॉलमध्ये राहिली, इकडे उभी पिकं वाळली, आणि डोंगर शांत झाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच हादरे, पुन्हा इशारा. जोसेफ या वेळीही सगळ्यांबरोबर बाहेर पडला, पण मागच्यासारखंच होणार म्हणून गाई सोडायला परत गेला. तप्त राखेचा लोट दरीत उतरला तेव्हा तो गोठ्यात होता.

त्यानंतर रेखाताईंनी काम बदललं, बेट बदललं नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी खोल विहिरी खणून जमिनीतल्या वाफेवर वीज करायची, म्हणजे डिझेलचे जनरेटर बंद होतील, असं ते काम. पहिल्या विहिरीतून वाफ उसळली तेव्हा फोन तिकडे धरून त्यांनी आम्हाला तो घोंघाट ऐकवला. यांनी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, त्याच डोंगराची वाफ आहे ही, आणि फोन ठेवला. पुढे विहिरींना झाकणं बसली, प्रकल्प रखडला, जनरेटर चालूच राहिले. रेखाताई आजारी होऊन परत आल्या.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला सांगितलं की, उभं राहता येत होतं तोवर त्या मेडनहेडला जाऊन, तिथे स्थायिक झालेल्या जोसेफच्या मुलीला भेटून आल्या होत्या. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, हे मला माहीत आहे. तुमची चूक मी काढत नाही. पण परत येऊ नका."

"तिचं बरोबर होती, वहिनी," रेखाताई म्हणाल्या. एरवी आम्ही त्यांचं व्याकरण हसत सुधारायचो. त्या दिवशी मी ते तसंच राहू दिलं.

परवा आम्ही रेखाताईंचं वॉटफर्डचं घर आवरायला गेलो. पुढच्या दाराशी, इशारा मिळताच उचलून निघता येईल अशी एक बॅग भरून ठेवलेली होती. पाणी, टॉर्च, पासपोर्ट. टॉर्चमधले सेल नवे होते. तळाशी राखेपासून बचाव करणारे मास्क होते, दोन. त्या घरात त्या एकट्याच राहायच्या. यांनी बॅगेची चेन लावली आणि ती होती तिथेच, दाराशी ठेवली.