बुद्धभूषणचा हिरवा दिवा

बुद्धभूषणला बसून सुचत नाही. खुर्चीला पाठ टेकली की डोकं बंद पडतं आणि पाय सुरू होतात. हा गुण पोस्टमनला शोभला असता. याने नोकरी धरली प्रोग्रॅमरची. पुण्याच्या मांजरी भागातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो हातवारे करत, स्वतःशीच भांडत तासन् तास फिरतो आणि मग वर येऊन जे लिहायचं ते दहा मिनिटांत लिहून टाकतो. वॉचमनने सुरुवातीला त्याच्या आईकडे, कांताबाईंकडे, हळूच चौकशीही केली होती, "दादांचं बरं आहे ना?"

कंपनीला मात्र ती दहा मिनिटंच दिसायची. माउस पाच मिनिटं हलला नाही की त्याच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. पिवळा म्हणजे माणूस जागेवर नाही. त्याच्या बॉस तनुजा मॅडमनी दोनदा समज दिली होती. तिसऱ्यांदा घरून काम बंद, रोज हिंजवडीचं ऑफिस. म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, जाऊन येऊन चार तास बसमध्ये. आणि तेही बसून! नुसत्या कल्पनेने त्याने स्वयंपाकघरापर्यंत तीन फेऱ्या मारल्या.

शेवटी त्याने आईला गळ घातली. "फक्त माउस हलवत राहा. क्लिक करू नकोस."

कांताबाईंनी बत्तीस वर्षं पोस्टात वेळेवर सही केली होती. "म्हणजे तुझी खोटी हजेरी मी लावायची?"

"खोटी कशी? मी कामातच असतो गं. फक्त खाली असतो."

पुढच्या मंगळवारी एका दवाखान्याच्या ॲपमधून दोन रुग्णांना रांगेचा एकच नंबर जात होता. पाचच्या आत ते थांबवायचं होतं. बुद्धभूषण चाळीस मिनिटं गाड्यांभोवती फिरला आणि जागा अडवून उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी थबकला. नंबर आधी अडवायचा, मग द्यायचा! लिफ्टची वाट बघणं पायांना जमेना. आठ मजले धावत चढून तो दारात पोचला, तर आतून तनुजा मॅडमचा आवाज.

आई एका हाताने मेथी निवडत होती, दुसऱ्याने माउस फिरवत होती आणि फिरवता फिरवता तिच्याकडून कॉल उचलला गेला होता.

"तो कामात आहे," आई स्क्रीनला सांगत होती.

"कुठे?"

"खाली. फिरतोय."

"मग इथे कोण काम करतंय?"

"काम नाही हो. मी नुसती हलवतेय."

पण बुद्धभूषणच्या डोक्यातलं उत्तर घाईत होतं. "मॅडम, सापडलं!" म्हणत तो आत घुसला आणि खोलीभर येरझाऱ्या घालत सांगू लागला. कॅमेऱ्यात कधी त्याचं नाक दिसे, कधी कोपर.

"जरा एका जागी उभा राहशील?"

"राहिलो तर विसरेन, मॅडम."

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. उत्तर बरोबर होतं. मग म्हणाल्या, "आता हे तिसऱ्यांदा धरू का?"

"धरा," कांताबाई मध्येच म्हणाल्या, "पण दोघांचं धरा. हजेरीवर सही माझी आहे."

मॅडमना हसू आवरेना. "पाचच्या आत पाठव. महिनाभर मी दिवा बघणार नाही, काम बघेन. आणि काकू, तुम्ही आपली मेथीच निवडा."

बुद्धभूषणने खुर्चीच्या काठावर टेकून दहा मिनिटांत काम पाठवलं. वाजले होते सव्वाचार.

"महिन्यानंतर काय रे?" कांताबाईंनी विचारलं.

"माहीत नाही." आणि तो चपला शोधू लागला.

"आता कुठे?"

"तेच ठरवायला."

"जा," त्या म्हणाल्या, "पण मोबाइल घेऊन जा. यापुढे मी कोणाचाही फोन उचलणार नाही."